‘ही माणसं तुमची कोण लागतात?’

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

‘मी 61 वर्षांचा असून तीन वर्षांपूर्वी शासकीय सेवेतून निवृत्त झालो. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही दोघेच राहतो. दिवाळीत मुलगा आणि सूनबाई आले होते. सूनबाईंनी टीव्हीवर ‘व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरीन्स’ ही कोरियन मालिका लावली आणि मीही बसलो. ते परत गेल्यावर ती मी एकट्याने पूर्ण केली आणि त्यानंतर आणखी चार मालिका पाहिल्या. आता रात्री एक-दीडपर्यंत जागतो. प्रसंग साधे असतात, परंतु माझे डोळे सतत भरून येतात. या वयाच्या पुरुषाला हे शोभते का? तिकडचे नवरे खरोखर इतके प्रेमळ असतात का, की आम्हीच कोरडे राहिलो? परवा आमच्या सौ.नी मला रडताना पाहिले आणि म्हणाल्या, “माझे अण्णा गेले तेव्हा तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ही माणसं तुमची कोण लागतात?” मी काही बोललो नाही. तेव्हापासून त्या गप्प आहेत. मी मालिका पाहणे बंद करावे का?’

उत्तर

सप्रेम नमस्कार.

वयाविषयी आणि कोरियातील नवऱ्यांविषयी तुम्ही थेट विचारले आहे. पत्नीचा प्रश्न मात्र एखादी घटना कळवावी तसा कळवला आहे आणि लगेच मालिका बंद करण्याकडे वळला आहात. माझ्या मते उत्तर द्यायचे आहे ते त्या प्रश्नाला. पहिल्या दोन शंकांबद्दल आधी थोडक्यात लिहिते, कारण त्या दूर झाल्याखेरीज तिसऱ्याकडे मोकळेपणाने पाहता येणार नाही.

ज्या वयात असल्या गोष्टी शोभत नाहीत असे तुम्ही मानता, त्याच वयाच्या प्रेक्षकांनी कोरियन मालिकांना जपानमध्ये मोठे यश मिळवून दिले. 2002 साली दक्षिण कोरियात प्रसारित झालेली ‘विंटर सोनाटा’ ही मालिका पुढच्या दोन वर्षांत जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, आणि तेथील मध्यमवयीन व त्याहून मोठ्या स्त्रिया तिच्या इतक्या प्रेमात पडल्या की नायक बे योंग-जून जपानला आला तेव्हा विमानतळावर हजारोंची गर्दी लोटली आणि चित्रीकरण झालेल्या दक्षिण कोरियातील नामी बेटावर जपानी पर्यटकांची रीघ लागली. त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. त्या स्त्रिया होत्या आणि तुम्ही पुरुष आहात, एवढाच फरक दाखवता येईल. पण पुरुषाने रडू नये हा नियम तुम्ही इतकी वर्षे पाळल्याचे फळ म्हणूनच घरात आज हा प्रश्न उभा आहे, तेव्हा त्या नियमाची बाजू मी घेणार नाही.

डोळे भरून यावेत अशी या मालिकांची रचनाच असते, हेही ध्यानात घ्या. कोरियन प्रेममालिका बहुधा सोळा भागांची असते, एक भाग तासाभराचा किंवा त्याहून मोठा असतो, आणि पुष्कळदा आरंभापासून शेवटापर्यंत एकाच लेखकाचे किंवा लेखिकेचे लेखन असते, त्यामुळे पहिल्या भागात सहज दिसलेली वस्तू किंवा सहज उच्चारलेले वाक्य बाराव्या भागात परत येते तेव्हा प्रेक्षकाला ते आपल्याच आठवणीसारखे वाटते. नायक-नायिकेने नुसता हात हातात घ्यायलाही कित्येक भाग जातात. मधल्या काळात कोणी कोणाच्या ताटात काय वाढले, पावसात छत्री कोणाच्या बाजूला अधिक झुकली, निघताना कोणी मागे वळून पाहिले, हे टिपण्याची सवय मालिका आपल्याला लावते. त्याच्या जोडीला एकच सुरावट ठरावीक क्षणी पुन्हा वाजते. एवढी तयारी झाल्यावर मोठा प्रसंग घडावा लागत नाही. वाटीभर सूपही रडवायला पुरते. आपल्याकडच्या रोजच्या मालिकेला ही सोय नाही, कारण ती कधी संपणार हे तिच्या लेखकालाही ठाऊक नसते. (यावर मला पत्रे येतील, याची कल्पना आहे.)

आता तिकडच्या नवऱ्यांविषयी. दक्षिण कोरियातील स्त्रिया आणि पुरुष यांच्या वेतनातील तफावत ओईसीडी या मुख्यतः प्रगत देशांच्या गटामध्ये सर्वांत मोठी आहे. 2023 साली तेथील जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, 0.72 इतका खाली गेला होता. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो 2.1 च्या आसपास असावा लागतो. घरांच्या किमती, मुलांच्या शिकवण्यांचा खर्च, कामाचे लांबलचक तास आणि लग्नानंतर स्त्रीवर पडणारा घरकामाचा व सासरचा भार, अशी अनेक कारणे यामागे सांगितली जातात. प्रेमळ नवऱ्यांचा सुकाळ असलेल्या देशाचे हे चित्र नव्हे. यातील अनेक गाजलेल्या मालिका स्त्रियांनी लिहिल्या आहेत. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ आणि ‘क्वीन ऑफ टीयर्स’ या दोन्ही पार्क जी-उन यांच्या लेखणीतून उतरल्या. पुरुषाने कसे वागावे याबद्दलची इच्छा त्यांत अधिक दिसते आणि तो कसा वागतो याची नोंद कमी. म्हणून पडद्यावरच्या नायकाशी स्वतःची तुलना करून ‘आम्हीच कोरडे राहिलो’ असा निकाल देण्याची घाई करू नका. त्या निकालात एक छुपी पळवाटही आहे: सगळी पिढीच कोरडी ठरली की आपल्या वाट्याला आलेले विशिष्ट काम करण्याची गरज उरत नाही.

ते काम म्हणजे पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर देणे. त्यांनी मालिकेबद्दल तक्रार केलेली नाही. तुमच्या डोळ्यांत पाणी असते हे त्यांना इतक्या वर्षांनी प्रथमच दिसले, आणि ते दिसताच आपल्या वडिलांच्या मृत्यूच्या वेळी ते कुठे होते, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटले असते. आजवर ‘यांचा स्वभावच असा’ असे म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली असेल. तुमच्या अश्रूंनी ती समजूत काढून घेतली. म्हणून मालिका पाहणे बंद केल्याने काहीही साधणार नाही. उलट तुम्ही त्यांच्या बोलण्याचा राग धरला, असाच अर्थ त्या काढतील.

अण्णा गेले तेव्हा काय घडले हे तुम्ही लिहिलेले नाही. मी अंदाज करते, चुकला तर सोडून द्या. जावई म्हणून तुम्ही डॉक्टरांशी बोललात, गाडी ठरवली, नातेवाइकांना फोन केलेत, स्मशानातली व्यवस्था पाहिलीत, दहाव्या-तेराव्याचा हिशेब ठेवलात, आणि हे सर्व करताना खचून चालणार नाही अशी स्वतःला ताकीद दिलीत. आपल्याकडे कर्त्या पुरुषाला दुःखाच्या घरात नेमून दिलेली भूमिका तीच असते. परंतु तुमची धावपळ माजघरात बसलेल्या तुमच्या पत्नीला दिसली असेलच असे नाही. दिसली असली तरी एखाद्या क्षणी तुम्ही त्यांच्याजवळ येऊन बसावे, असे त्यांना वाटून गेले असेल. पडद्यासमोर रडणे सोपे जाते याचे कारणही यातच आहे. मालिकेतले, कोरियातील जेजू बेटावरचे ते कुटुंब तुमच्याकडून काहीच मागत नाही, तुम्हाला गाडी ठरवावी लागत नाही, आणि भाग संपला की दिवा मालवून झोपता येते.

तुम्ही पाहिलेल्या त्या पहिल्याच मालिकेतील एका प्रसंगाची येथे आठवण करून देते. मालिकेचा नायक ग्वान-शिक हा फार बोलणारा माणूस नाही. पोरवयात तो बाजारात कोबी विकतो, ते ए-सुनला, म्हणजे पुढे त्याची बायको होणाऱ्या मुलीला, शेजारी बसून पुस्तक वाचता यावे म्हणून. पुढे बोटीवर राबतो आणि घर चालवतो. म्हणजे तुमच्यासारखाच, हाताने प्रेम करणारा. लग्नानंतर त्याच्या घरात पुरुष एका मेजावर आणि बायका दुसऱ्या मेजावर जेवतात. एके दिवशी जेवता जेवता तो वळतो, वडीलधाऱ्यांकडे पाठ करतो आणि बायकोच्या मेजाकडे तोंड करून बसतो. साठच्या दशकापासून पुढच्या त्या बेटावर, जिथे समुद्रात बुडी मारून पोट भरणाऱ्या बायकाही घरात दुय्यमच ठरत, तिथे हे केवढे धाडस होते, हे तुम्हा-आम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. पुरुषांची पंगत आधी उठायची आणि बायका उरलेल्यावर बसायच्या, हे आपण लहानपणी घरोघरी पाहिले आहे. तुम्ही कोणत्या प्रसंगांना रडलात हे लिहिले नाही, पण हा त्यात नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

आता काय करावे. प्रथम बोला, आणि ते लवकर बोला, कारण गप्प राहण्याचे दिवस जितके वाढतात तितके पहिले वाक्य अवघड होते. भाषण तयार करू नका. ‘अण्णा गेले तेव्हा मला रडू येत होतं, पण मी ते दाबलं आणि तुझ्याजवळ येऊन बसलो नाही’ एवढे खरे असेल तर एवढेच म्हणा. त्या वेळी खरोखर रडू आलेच नव्हते, असे असेल तर तेही मान्य करा, कारण तुमच्यासोबत संसार केलेल्या बाईला तुमचे खोटे लगेच ओळखू येईल. त्यानंतर स्वतःच्या धावपळीची यादी वाचू नका. ‘मी एवढं केलं’ हे वाक्य कितीही खरे असले तरी या संभाषणात ते उसन्या भांड्यासारखे आहे, घरात ठेवून घेण्याचा हक्क नाही. त्या चिडल्या, रडल्या किंवा ‘आता काय उपयोग’ म्हणाल्या तर ऐकून घ्या. अण्णांबद्दल काही विचारा: ते लेकीला काय म्हणून हाक मारत, माहेरी गेल्यावर त्या दोघांचे काय बोलणे होई. हे प्रश्न विचारणारे त्यांच्या आयुष्यात आता फार जण उरले नसतील.

एक सावधगिरी बाळगा. मालिका पाहून उत्साही झालेले नवरे दुसऱ्या दिवशी गजरा, साडी किंवा बाहेर जेवायचा बेत घेऊन येतात आणि बायकोला शंका येते की यांनी काही लपवले आहे का. तुम्ही हे करू नका. फार तर जेवणाची वेळ पाहा. तुम्हाला आधी वाढून त्या नंतर जेवत असतील, तर बरोबर जेवूया का असे विचारा. मात्र खरोखर विचारा, जाहीर करू नका. अनेक बायकांना सगळ्यांचे उरकल्यावरचे ते एकट्याचे पान, बातम्या किंवा रेडिओ ऐकत सावकाश घेतलेले चार घास, दिवसातला सर्वांत निवांत वेळ वाटतो. त्या नको म्हणाल्या तर तुमच्या नव्या प्रेमळपणासाठी तो हिरावून घेऊ नका. भाजी चिरून द्या आणि बाजूला व्हा.

जागरणाबद्दल एवढेच सांगते की रात्री अकरानंतर नवा भाग सुरू करू नये. मालिका सोळा भागांची आहे, पळून जात नाही. मात्र मालिका लावलेली नसतानाही वारंवार रडू येत असेल, झोप लागत नसेल, पूर्वी आवडणारी कामे नकोशी झाली असतील, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा. निवृत्तीनंतरच्या वर्षांत उदासीनता येऊ शकते आणि तिच्यावर उपचार आहेत. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटत नाही, परंतु पत्रातून तपासणी होत नसते.

सूनबाईंना मध्ये घालू नका. ‘तूच आईंना समजावून सांग’ हा फोन तुम्ही अद्याप केला नसेल अशी आशा करते. त्यांनी चांगल्या हेतूने एक मालिका लावून दिली. त्यापुढचे तुम्हा दोघांचे आहे.

पत्नीने सोबत बसून मालिका पाहावी, असेही कदाचित तुमच्या मनात असेल. तो प्रस्ताव या संभाषणानंतर काही दिवसांनी ठेवा, आधी नको. नाहीतर सगळे बोलणे तिला टीव्हीसमोर आणण्यासाठीच होते असे वाटेल. सबटायटल वाचायला त्रास होत असेल तर हिंदी आवाजात उपलब्ध असलेली एखादी मालिका निवडा. ‘होमटाउन चा-चा-चा’सारखी, समुद्रकाठच्या छोट्या गावातील आणि गावकऱ्यांच्या उचापतींची हलकीफुलकी गोष्ट आरंभी बरी पडेल, वडिलांच्या मृत्यूची आठवण ताजी असताना ‘टँजरीन्स’ने सुरुवात करू नका. आणि रिमोट हातात घेण्यापूर्वी त्यांना काय पाहायचे आहे ते विचारा. त्यांनी एखाद्या मराठी मालिकेचे नाव सांगितले तर ती पाहा, निदान महिनाभर, आणि तिच्यातल्या कारस्थानी सासूवर शेरे न मारता पाहा.