अमायलॉईड कमी, तरी अल्झायमर?

प्रश्न : आईचं वय 68. दोन वर्षांपासून विसरणं वाढलंय. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारते. एमआरआयनंतर डॉक्टरांनी पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढून तपासलं. अमायलॉईड बीटा-42 कमी आणि टाऊ जास्त आलं, म्हणून अल्झायमरची शक्यता सांगितली. पण अमायलॉईड तर मेंदूत साचतं ना? मग ते कमी कसं?

उत्तर : साचतं म्हणूनच पाण्यात कमी सापडतं. निरोगी मेंदूतून हे प्रथिन सतत पाण्यात उतरत असतं. अल्झायमरमध्ये 42 अमिनो आम्लांचा हा चिकट तुकडा मेंदूतच गुठळ्या होऊन अडकतो आणि पाण्यातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. टाऊचं उलट असतं. ते चेतापेशींच्या आतलं प्रथिन, म्हणून पेशींना इजा झाली की पाण्यात वाढतं. पण एकूण टाऊ पक्षाघातानंतरही वाढतं, आणि क्रॉइट्झफेल्ट-याकोब या झपाट्याने वाढणाऱ्या आजारात तर कितीतरी पटींनी. त्यामुळे रिपोर्टमध्ये फॉस्फो-टाऊ 181 चा, म्हणजे फॉस्फेट जोडलेल्या टाऊचा आकडा शोधा. तोही वाढलेला असेल तर अल्झायमरचं निदान बरंच बळकट होतं.

त्याचबरोबर बीटा-42 भागिले बीटा-40 (त्याच प्रथिनाचा 40 अमिनो आम्लांचा तुकडा) हे गुणोत्तर दिलंय का, ते पाहा. काहींच्या शरीरात मुळातच अमायलॉईड कमी तयार होतं. त्यांचं 42 कमी दिसतं, पण 40 ही कमी असतं, म्हणून गुणोत्तर ठीक येतं. एकट्या 42 वर निदान ठरवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता पाणी गोळा करायच्या नळीबद्दल, कारण चूक बहुधा इथेच होते. अमायलॉईड काचेला आणि पॉलीस्टायरीन या प्लॅस्टिकला चिकटतं. पाणी तसल्या नळीत घेतलं, किंवा एका नळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत ओतलं, की दर वेळी थोडं प्रथिन भिंतीवरच राहतं. मग निरोगी माणसाचा आकडाही आजाऱ्यासारखा दिसू लागतो. म्हणून नळी पॉलीप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकचीच हवी, आणि सुईतून पडणारं पाणी थेट तिच्यातच घ्यायला हवं. गुणोत्तरात ही चूक बरीच भरून निघते, कारण 40 ही तसंच चिकटतं. पाण्यात रक्त मिसळलं तरी आकडे बिघडतात, म्हणून सुरुवातीचं लालसर पाणी वेगळं काढतात.

दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. बीटा-42 ची सीमा एका पद्धतीत मिलिलिटरमागे 500 पिकोग्रॅमच्या आसपास असते, तर दुसरीत 1000 च्या. त्याच लॅबची सीमा त्याच पानावर छापलेली असते, तीच धरा.

आणखी एक. स्मरणशक्ती शाबूत असलेल्या बऱ्याच वृद्धांमध्येही अमायलॉईड असामान्य येतं, त्यामुळे हा रिपोर्ट लक्षणांसोबतच वाचायचा. आईचं बी-12, थायरॉईड आणि नैराश्य तपासलं नसेल तर ते आधी तपासून घ्या.

प्रश्न : वडिलांचीही हीच तपासणी करायची आहे. सुईने पाय लुळे पडतात असं नातेवाईक सांगतात.

उत्तर : मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये टोचतात. तिथे पाण्यात फक्त नसांचे धागे तरंगत असतात. साधारण 10 मिलिलिटर पाणी घेतात. शरीर तासाला 20 मिलिलिटरच्या आसपास नवं बनवतं.

वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. बोथट टोकाची बारीक सुई वापरणार का, हेही विचारा. तिने डोकेदुखी कमी होते. उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, अशी तक्रार बहुधा काही दिवसांत आपोआप जाते. गेली नाही तर त्यांचंच थोडं रक्त त्या जागी टोचून छिद्र बुजवता येतं. ताप किंवा मान आखडणं दिसलं तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.