गेम चालू, प्रोसेसर बेजार

प्रश्न : ताई, मी सेलूचा, जिल्हा परभणी. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. 'फार्मिंग सिम्युलेटर २२' हा ट्रॅक्टरचा गेम खेळतो आणि मराठीत बोलत बोलत यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. शंभर-सव्वाशे जण बघतात. कॉम्प्युटर असेंबल्ड आहे : आय३-१०१००एफ प्रोसेसर, जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम. नुसता गेम खेळलो तर लो सेटिंगवर बरा चालतो. ओबीएस या लाइव्ह दाखवायच्या सॉफ्टवेअरमधून लाइव्ह सुरू केलं की टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १०० टक्के, ओबीएसच्या तळाला 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' आणि कमेंटमध्ये पोरं लिहितात, "भौ, अटकायलंय." सेटिंग १०८०पी, ६० एफपीएस, ६००० बिटरेट, एन्कोडर एक्स२६४. प्रीसेट 'व्हेरीफास्ट' होता, प्रोसेसरला जरा दम मिळावा म्हणून मी 'स्लो' केला, तर आजार वाढलाच. दुकानदार म्हणतो आय७ टाक. सोयाबीनचे पैसे आले की बाबा देतो म्हणालेत. टाकू का?

उत्तर : थांब. बाबांचं सोयाबीन अजून बाजारात जायचंय, तोवर आपण फुकटातलं सगळं करून बघू.

तुला फसवलं ते 'स्लो' या शब्दानं. तुलाच नाही, माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या पोरांना फसवतो. हळू म्हणजे कमी कष्ट, असं कुणालाही वाटणार. इथे नेमकं उलटं आहे.

माझं माहेर मानवतचं. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन रुई बाहेर पडायची तेव्हा तिचा ढीग खोलीभर व्हायचा, आम्ही पोरं त्यात उड्या मारायचो आणि शिव्या खायचो. तीच रुई प्रेसमधून निघाली की १७० किलोची गाठ. पट्ट्या आवळलेली, दोघा गड्यांना हलायची नाही. एन्कोडर म्हणजे ही प्रेस, आणि तुझी एक्स२६४ ही प्रेस प्रोसेसरच्या जिवावर चालते. १०८०पीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर ठिपके. अशी सेकंदाला ६० चित्रं, तेच तुझे ६० एफपीएस. न दाबता पाठवायची म्हटलं तर दर सेकंदाला १८६ एमबीच्या आसपास माल होतो. तू यूट्यूबला पाठवतोस ६००० केबीपीएस (हाच तुझा बिटरेट), म्हणजे सेकंदाला पाऊण एमबी. खोलीभर रुई अडीचशेपट दाबायची, आणि तीही गाडी दारात उभी असताना.

प्रीसेट सांगतो, दाबणाऱ्यानं किती निगुतीनं दाबायचं. 'व्हेरीफास्ट'वर तो फार बघत बसत नाही, पटकन दाबतो, पुढचं घेतो. 'स्लो'वर तो प्रत्येक कोपरा चाचपतो, मागच्या चित्रात हेच कुठं होतं का ते शोधत बसतो. चित्र थोडं सुबक येतं, पण मेहनत कितीतरी पटीनं वाढते. आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ रात्रभर लावून ठेवायचा असेल तर 'स्लो' उत्तम. लाइव्हमध्ये पुढचं चित्र एक साठांश सेकंदात दारात येतं. तुझा चार कोअरचा प्रोसेसर ट्रॅक्टर चालवणार, की गाठी बांधणार? तेव्हा आधी 'व्हेरीफास्ट'वर परत ये. तरी जड गेलं तर 'सुपरफास्ट'.

आता ओबीएसच्या 'व्ह्यू' मेनूतलं 'स्टॅट्स' उघड आणि दहा मिनिटं लाइव्ह करून बघ. त्यात तीन ओळी तुझ्या कामाच्या आहेत. 'रेंडरिंग लॅग'चा आकडा वाढत असेल तर दम कार्डाला लागलाय. 'एन्कोडिंग लॅग'चा वाढत असेल तर प्रेस मागे पडतेय, म्हणजे तुझ्या बाबतीत प्रोसेसर. 'नेटवर्क'च्या ओळीत फ्रेम, म्हणजे चित्रं, गळत असतील तर दोष इंटरनेटचा, कॉम्प्युटरचा नाही. बघणाऱ्याला तिन्ही सारखंच दिसतं, तो बिचारा 'अटकायलंय' एवढंच लिहितो. मी हे शिकले ते पैसे घालवून. काही वर्षांपूर्वी एक पोरगा असंच दुखणं घेऊन आला, मी न मोजता ८ जीबी रॅम विकली. दोन दिवसांनी तो परत, दुखणं जसंच्या तसं. रॅम परत घेतली, वर चहा पाजला. तेव्हापासून स्टॅट्स बघितल्याशिवाय मी स्क्रू काढत नाही.

तुझ्या पत्रातली खरी मेख मात्र सामानाच्या यादीत आहे. गाठी बांधायचं काम प्रोसेसरकडून काढून घ्यायची सोय बहुतेक कॉम्प्युटरमध्ये असते. एनव्हिडियाच्या कार्डात त्यासाठी वेगळा तुकडा असतो, त्याला एनव्हेन्क म्हणतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये जी अंगची ग्राफिक्स असते तिच्यातल्या सोयीचं नाव क्विक सिंक. जीटी १०३० हे एनव्हिडियाचं कार्ड खरं, पण त्यात एनव्हेन्कच नाही. आणि तुझ्या प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं 'एफ' अक्षर म्हणजे आतली ग्राफिक्स बंद, म्हणून क्विक सिंकही नाही. दोन्ही घरं रिकामी. म्हणून ओबीएसच्या एन्कोडरच्या यादीत तुला एक्स२६४ सोडून दुसरं काही दिसत नसणार. विकणाऱ्यानं स्वस्तात जुळवून दिलं, गेमपुरतं ते चुकीचंही नव्हतं. लाइव्हचं त्याला कोण सांगणार?

तर पैसे न घालता एवढं कर. सेटिंग्जमधल्या 'व्हिडिओ'त आउटपुट १२८० गुणिले ७२० आणि एफपीएस ३०. हे ऐकून तोंड वाकडं करू नकोस. ७२०पीला ठिपके सव्वादोनपट कमी, चित्रं निम्मी, म्हणजे प्रेसकडे येणारा माल साडेचारपट कमी. बिटरेट ३५०० ते ४००० पुरे, की-फ्रेम इंटरव्हल (दर किती वेळानं एक पूर्ण चित्र पाठवायचं ते) २ सेकंद. तुझे शंभर-सव्वाशे बघणारे मोबाइलवरच बघत असतील. नांगरटीच्या गेमला ६० एफपीएस लागत नाही, गोळीबाराचा असता तर वेगळं बोलले असते. गेममध्ये व्ही-सिंक (चित्रांचा वेग पडद्याच्या वेगाला बांधणारं सेटिंग) चालू ठेव, नाहीतर कार्ड जेवढं जमेल तेवढी चित्रं काढत सुटतं आणि ओबीएसला वाटा राहत नाही. ओबीएस राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड, विंडोज मग त्याच्यासाठी कार्डाचा थोडा हिस्सा राखून ठेवतं. ओबीएसमध्ये अख्खा पडदा घेणाऱ्या डिस्प्ले कॅप्चरऐवजी नुसता गेम घेणारं गेम कॅप्चर लाव.

आणि एक विचारायचं राहिलं. लाइव्ह नीट दिसतंय का ते बघायला त्याच मशीनवर क्रोममध्ये आपलाच चॅनल उघडून ठेवतोस ना? सगळेच ठेवतात. म्हणजे एका हातानं गाठ बांधायची, दुसऱ्या हातानं सोडून बघायची. ते काम मोबाइलला दे. सबस्क्राइबचे उडणारे फुगे, हलणारी पाटी, चॅटची चौकट, असं जे काही ब्राउझर सोर्समधून लावलं असशील ते प्रत्येक म्हणजे ओबीएसच्या पोटात उघडलेलं एकेक छोटं ब्राउझर. एकेक बंद कर आणि सीपीयूचा आकडा बघत राहा, चोर सापडतो. लाइव्ह चालू असताना वेगळ्या दर्जाचं रेकॉर्डिंगही लावत असशील तर प्रेस दोन झाल्या, ते सोड.

एवढ्यानं तुझं काम निभावेल असं मला वाटतं. तरी पुढेमागे खर्च करायचाच झाला तर आय७ नको, आणि दुकानदार शेवटी 'एफ' असलेला आय७ दाखवत असेल तर मुळीच नको. कोअर वाढतील, पण दोन्ही घरं रिकामीच. सगळ्यात स्वस्त तोड म्हणजे तुझ्याच बोर्डावर बसणारा, 'एफ' नसलेला साधा आय३-१०१००. कोअर तेवढेच, वेग तोच, पण आत ग्राफिक्स आहे, म्हणजे क्विक सिंक आलं. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) आतली ग्राफिक्स कार्डासोबत चालू ठेवावी लागेल, काही बोर्डांवर कार्ड लावलं की ती आपोआप बंद होते. किंवा कार्डच बदलायचं तर जीटीएक्स १६५०. त्यात एनव्हेन्क आहे, गेमही सुधारेल, आणि त्याची भूक ७५ वॉटची असल्यानं बरीच मॉडेलं बोर्डाच्या स्लॉटवरूनच वीज घेतात. घेताना वरच्या कडेला सहा पिनचं वेगळं सॉकेट आहे का ते बघ. असेल तर एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) तशी वायर आहे ना, ते आधी डोळ्यानं बघून ये.

तुझ्या गेममध्ये कापूस, ऊस, सोयाबीन, ज्वारी सगळं पेरता येतं, असं माझा भाचा सांगत होता. तूर नाही म्हणे. ते मात्र माझ्या हातात नाही.

प्रश्न : मी अंबाजोगाईत शिक्षिका आहे. मुलगा लॅपटॉपवर गेम लाइव्ह करतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सुरळीत जातात, मग सीपीयू १०० टक्क्यांना चिकटतो आणि पंखा जात्यासारखा घरघरतो. वरची खोली पत्र्याची आहे. सकाळी त्रास कमी, दुपारी जास्त. व्हायरस असेल का?

उत्तर : मॅडम, दुपारी वाढणारा व्हायरस मी अजून पाहिलेला नाही. हे तापणं आहे. मुलाला सांगा, अडकायला लागलं की टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर टक्के बघू नको, खाली 'स्पीड' लिहिलेलं असतं ते बघ. सुरुवातीला तीन-साडेतीन गिगाहर्ट्झ दिसत असेल आणि नंतर दीडवर आलं असेल, तर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच पाय आखडतोय. काम तेवढंच, वेग निम्मा, म्हणून टक्के शंभर. बाहेर ४२ अंश आणि वर पत्रा, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला तर खालच्या जाळ्या बंद. त्यानं तरी काय करावं?

जाणत्याकडून उघडून पंखा साफ करून घ्या, दोन-तीन वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्टही बदला. माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपच्या जाळीतून नमदा बसावा तसा धुळीचा आख्खा थर एका तुकड्यात निघाला होता. मागची बाजू दोन बोटं उचलून कडक पृष्ठावर ठेवा, चार्जर लावूनच खेळू द्या. पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चा ९९ केला की बऱ्याच लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो, थोडा वेग जातो पण ताप बराच उतरतो. आणि पाण्याच्या कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर नको. तो दमटपणा आपल्याला सुखाचा, बोर्डाला नाही.

प्रश्न : कंधारहून लिहितोय. माझं उलटंच आहे. सीपीयू तीस टक्क्यांवर निवांत, तरी लाइव्ह तुटतं. प्रोसेसर काम करत नाही का?

उत्तर : करतोय, म्हणूनच निवांत आहे. वर लिहिलेल्या तीन ओळींतली 'नेटवर्क'ची ओळ बघा, आकडा तिथे पळत असणार. स्पीड टेस्टमध्ये सगळे डाउनलोड बघून खूश होतात, लाइव्हला लागतो अपलोड. तो रात्री आठ-नऊच्या सुमारास, गाव घरी असताना, तीन-चार वेळा मोजा आणि सगळ्यात कमी आलेल्या आकड्याच्या साधारण सत्तर टक्के एवढाच बिटरेट ठेवा. ४ एमबीपीएस आला तर २८००. वायफाय सोडून राउटरपासून लॅनची वायर ओढा. तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की राउटर पुढच्या खोलीत आणि मध्ये दगडी भिंत आहे. पहिली शंका मला त्या भिंतीचीच आहे.