बारा अनोळखी माणसांची टीम आणि ओले कोअर

बदली होऊन नव्या विभागात आल्यावर बारा अनोळखी माणसांची प्रभावी टीम कशी बांधावी आणि त्यासाठी बाहेरगावी शिबिर घ्यावे का, असे आपण विचारले आहे. शिबिर घेऊ नका. रविवारी रस्सीखेच एकत्र जिंकलेली माणसे सोमवारी चूक एकमेकांच्या माथी मारतात, हे मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, अनेकदा पाहिले आहे.

ज्या पाळीचे रिजेक्शन सर्वांत कमी तिला दरमहा ढाल, अशी योजना आमच्या तत्कालीन मॅनेजरांनी आणली होती. यामुळे माणसे चुका लपवतील, असे मी म्हणालो. स्पर्धेशिवाय माणूस हलत नाही, असे ते म्हणाले. तीन महिन्यांत फळ्यावरचे आकडे उतरले आणि मी गप्प बसलो. मग जुलै आला. आमच्याकडच्या पावसात रॅकवर पडून राहिलेले कोअर, म्हणजे ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, दमट हवा ओढून घेतात. अशा कोअरभोवती वितळलेले लोखंड ओतले की वाफ कोंडते आणि कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, कातडीखाली ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, राहतात, जे गिऱ्हाइकाच्या मशीनवर पहिला कट बसेपर्यंत कुणाला दिसत नाहीत. एका रात्रपाळीत कोअर शॉपमधला पोरगा कोअरवर तळहात ठेवून साचे बनवणाऱ्या मोल्डरला हळूच म्हणाला, ‘इन्नू हसि अदाव्रि’, म्हणजे अजून ओले आहेत. मी दोन हातांवर उभा होतो, आणि लहानपणापासून कन्नड कानावर असल्यामुळे समजले नाही म्हणण्याचीही सोय नव्हती. कोअर पुन्हा ओव्हनमध्ये घालायचे तर दोन तास जाणार होते आणि त्या महिन्याची ढाल आमच्याच पाळीकडे येणार होती. मी ऐकले नाही असे दाखवले.

पंपाच्या बॉड्या परत आल्या, वर मशीनिंगचा खर्चही आमच्याच माथी. चौकशीत त्या पोराला धरले, तेव्हा मी खरे सांगितले. पण ते माल परत आल्यावर. पुढे मी ओव्हनजवळ पाटी टांगली आणि कोअर संशयास्पद वाटल्यास कुणीही काम थांबवून त्यावर खूण करावी, असे ठरवले. पहिल्याच आठवड्यात नोंदलेले रिजेक्शन वाढले आणि मॅनेजरांनी तोच आकडा माझ्यासमोर नाचवला.

त्यांना तेव्हा द्यायचे उत्तर मला फार उशिरा सापडले. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या टीमच्या नावावर चुका अधिक नोंदलेल्या आढळल्या. कारण तिथली माणसे त्या न भिता सांगत होती. याच धाग्यावरचा त्यांचा १९९९ चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. आमचे मॅनेजर हे वाचूनही मानले असते असे नाही.

म्हणून पहिल्या बैठकीत स्वतःची एक चूक नावनिशीवार सांगा, आणि बैठक सर्वांत कनिष्ठ माणसाला बोलता येईल त्या भाषेत घ्या. आमच्याकडे इंग्रजीत झालेल्या बैठकांत कोअर शॉपमधून कधीच एक शब्द आला नाही. अर्थात ज्याला कामच येत नाही त्याला आधी शिकवावे लागते, आणि जो आळसाने चुकतो त्याला निर्भयतेच्या नावाखाली मोकळे सोडू नये. बारापैकी कुणाला कोणते काम द्यावे, हे मात्र तुमच्या विभागाचे काम पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.