अँटेन्यातून फोटॉन ‘बाहेर पडतात’ का?

प्रश्न दोन भागांत आहे. पहिला: ‘अँटेन्यातून फोटॉन बाहेर पडतात’ असं वाक्य वाचलं, तर ते फोटॉन, म्हणजे प्रकाशाच्या किंवा रेडिओलहरींच्या ऊर्जेचे अविभाज्य हिस्से, आधी अँटेन्यात साठलेले असतात का? दुसरा: या बाहेर पडण्याला ‘किरणोत्सर्ग’ म्हणावं, ‘उत्सर्जन’ म्हणावं की ‘प्रारण’ (इंग्रजीतलं ‘रेडिएशन’)?

पहिल्या भागातली अडचण ‘बाहेर पडणे’ या क्रियापदानेच निर्माण केली आहे. मराठीत जे बाहेर पडतं ते आधी आत असावं लागतं. फोटॉन मात्र अँटेन्यात कुठेही साठलेले नसतात. तिथे असतात धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन, आणि तेही जागच्या जागी अगदी किंचित पुढेमागे हलतात. अँटेन्याला प्रवाह पुरवणारा प्रक्षेपक त्यांना ठरावीक वारंवारतेने हलवत राहतो, एवढंच.

मग निघतं काय? 100 मेगाहर्ट्‌झचं उदाहरण घेऊ. इथे प्रवाहाची दिशा दर 5 नॅनोसेकंदांनी उलटते. अँटेन्याभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राला हा बदल एकदम कळत नाही. बदल प्रकाशाच्या वेगाने पसरतो, म्हणजे तेवढ्या वेळात फक्त दीड मीटर जातो. अगदी जवळच्या क्षेत्रातली बरीचशी ऊर्जा दर आवर्तनाला अँटेन्याकडे परत येते. पण लांबच्या क्षेत्रापर्यंत उलटलेल्या प्रवाहाची खबर पोचेस्तोवर ते पुढे निघून गेलेलं असतं. ही न परतणारी ऊर्जा म्हणजे लहर. 3 मीटर तरंगलांबीला अर्ध्या तरंगाचा, सुमारे दीड मीटरचा, मधोमध जोडलेला दांडा वापरला, तर प्रक्षेपकाला तो जवळजवळ 73 ओहमच्या रोधासारखा भासतो. गंमत अशी, की या रोधात काहीच तापत नाही. तिथे ‘खर्च’ झालेली ऊर्जा अवकाशात गेलेली असते. (मी ‘अँटेन्यातून’ असं सामान्यरूप करतो. ‘दांडा, दांड्यातून’ तसंच हे. कुणी ‘अँटेनातून’ लिहिलं तर मी भांडणार नाही. परिभाषेतला ‘आकाशक’ देखणा आहे, पण तो कोशाबाहेर फारसा आलाच नाही.)

आता ‘उत्सर्जन’. या शब्दावर आक्षेप असा, की त्यातही आतलं बाहेर टाकण्याचाच अर्थ आहे, आणि जीवशास्त्रात तर तो शरीरातली घाण टाकण्यासाठी वापरतात. मला मात्र हा शब्द इथे चपखल वाटतो. त्याचा धातू ‘सृज्’. सोडणे हा त्याचा एक अर्थ आणि निर्माण करणे हा दुसरा. ‘विसर्जन’ पहिल्या अर्थातून आलं, ‘सृष्टी’ आणि ‘सर्जन’ दुसऱ्यातून. फोटॉनच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच घटनेत येतात: तो सुटतो तेव्हाच निर्माण होतो, आणि शोषला गेला की उरत नाही. इलेक्ट्रॉनांची संख्या अँटेन्यात तेवढीच राहते. फोटॉनांच्या संख्येला असं बंधन नाही.

‘फोटॉन’ या नावाची कथाही याच मुद्द्यापाशी येते. 1905 मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशाच्या ऊर्जेचे अविभाज्य हिस्से मानले, पण ‘फोटॉन’ हा शब्द रूढ झाला तो गिल्बर्ट लुईस या रसायनशास्त्रज्ञाच्या 1926 मधल्या टिपणामुळे. त्याच्या कल्पनेतला फोटॉन निर्माण होत नव्हता की नष्ट होत नव्हता! ती कल्पना टिकली नाही. नाव तेवढं राहिलं आणि अगदी उलट गुणाच्या वस्तूला चिकटलं. ‘प्रकाशकण’ हा पर्याय मी रेडिओसाठी टाळतो. त्यातला ‘प्रकाश’ वाचकाला दृश्य उजेडाकडे नेतो आणि ‘कण’ बारीक गोळीकडे. ज्याची तरंगलांबी 3 मीटर, त्याची गोळी कशी कल्पायची?

शिवाय रेडिओच्या बाबतीत फोटॉन मोजत बसण्यात फारसा अर्थही नसतो. 1800 मेगाहर्ट्‌झला (ही मोबाइलची एक वारंवारता) 1 वॅट शक्ती बाहेर टाकणारा अँटेना सेकंदाला सुमारे 8 वर 23 शून्यं इतक्या फोटॉनांएवढी ऊर्जा देतो. ‘एवढ्या फोटॉनांएवढी’ हे मुद्दाम म्हटलं. एखादा अणू वरच्या पातळीवरून खाली येताना एक फोटॉन देतो, तसा अँटेन्यातला एकेक इलेक्ट्रॉन आपापला फोटॉन फेकत नाही. असंख्य इलेक्ट्रॉन एका तालात हलतात आणि त्यातून घडणाऱ्या लहरीत फोटॉनांची नेमकी संख्या ठरलेलीच नसते, फक्त सरासरी सांगता येते. अशा अवस्थांचं पुंजसिद्धांतातलं (क्वांटम सिद्धांतातलं) वर्णन भौतिकशास्त्रज्ञ रॉय ग्लॉबरने 1963 मध्ये पक्कं केलं. त्यामुळे ‘अँटेना फोटॉन फेकतो’ यापेक्षा ‘अँटेना लहरी प्रसृत करतो’ हे मराठीही चांगलं आणि भौतिकीही चांगली.

राहिला ‘किरणोत्सर्ग’. व्युत्पत्तीने पाहिलं तर यात काहीच चूक नाही. ‘उत्सर्ग’ आणि ‘उत्सर्जन’ एकाच धातूची भावंडं आहेत. पण मराठी विज्ञानलेखनात ‘किरणोत्सर्ग’ अणुकेंद्राच्या आपोआप होणाऱ्या विघटनाला दिला गेला आहे, म्हणजे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बेकरेलला 1896 मध्ये युरेनियमच्या क्षारांत जे आढळलं त्याला. कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी पदार्थाला बटण नसतं. त्याचा साठा निम्मा व्हायला सव्वापाच वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो आणि त्यात आपण ढवळाढवळ करू शकत नाही. अँटेन्याचा प्रवाह बंद केला की प्रारण त्याच क्षणी थांबतं. कोबाल्टच्या गॅमा फोटॉनची ऊर्जा 1800 मेगाहर्ट्‌झच्या फोटॉनपेक्षा पंधरा हजार कोटी पटींहून जास्त असते. अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूच्या पातळीवरच्या ऊर्जेचं एकक) लागतात. मोबाइलच्या लहरीचा एक फोटॉन त्याच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपासही पोचत नाही. जोरदार रेडिओलहरी ऊतींना तापवू शकतात, पण तो निराळा परिणाम आहे. ‘मोबाइल टॉवरचा किरणोत्सर्ग’ अशा मथळ्यात हा सगळा फरक पुसला जातो आणि भीती तेवढी उरते. तिथे ‘प्रारण’ लिहावं. तो जड वाटत असेल तर सरळ ‘रेडिओलहरी’ लिहावं, काही बिघडत नाही.

घेणाऱ्या अँटेन्यासाठी मी ‘फोटॉन पकडतो’ असंही लिहिणार नाही, कारण पकडलेली वस्तू हातात राहते. ‘ऊर्जा शोषतो’ बरोबर. मात्र तो सगळीच शोषत नाही: आलेल्या लहरीने त्याच्यातही प्रवाह हलतो, आणि प्रवाह हलला की तोही थोडं प्रारण करतोच.