वाचकांचे प्रश्न : जुन्या चर्चमध्ये शाळा भरते तेव्हा

प्रश्न : माझी भाची शिक्षणासाठी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे आहे. तेथील पोर्टलँड स्क्वेअरमधल्या सेंट पॉल्स या जुन्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंड या इंग्लंडच्या अधिकृत ख्रिस्ती पंथाच्या) चर्चमध्ये आता सर्कशीची शाळा भरते, असे तिने कळवले. आमच्या इंदूरच्या व्हाइट चर्चमध्ये आजही उपासना होते, त्यामुळे हे ऐकून मन थोडे खट्टू झाले. प्रार्थनेची वास्तू अशा कामाला देता येते का, आणि दिल्यावर तिचे जुनेपण टिकते का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपल्या भाचीने कळवले ते खरे आहे. सेंट पॉल्स चर्च १७८९ ते १७९४ या काळात उभे राहिले आणि टप्प्याटप्प्याने निमुळता होत जाणारा त्याचा मनोरा ही त्याची ओळख आहे. उपासक कमी होत गेले आणि १९८८ मध्ये ते नियमित उपासनेसाठी बंद झाले. नंतरच्या काळात इमारतीची फार पडझड झाली. अखेर अशा वास्तू सांभाळणाऱ्या चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टने ती आपल्याकडे घेऊन दुरुस्त केली आणि २००५ पासून तेथे ‘सर्कोमीडिया’ ही सर्कशीचे शिक्षण देणारी संस्था काम करते.

चर्च ऑफ इंग्लंडचे मंदिर कोणालाही परस्पर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. १९६९ मध्ये अमलात आलेल्या आणि पुढे २०११ च्या कायद्यात एकत्र केलेल्या नियमांनुसार स्थानिक उपासक मंडळी, बिशप (विभागाचे मुख्य धर्माधिकारी) आणि चर्च कमिशनर्स (चर्च ऑफ इंग्लंडची मालमत्ता पाहणारी संस्था) यांच्या विचारविनिमयातून योजना तयार होते, तिची जाहीर सूचना निघते आणि कोणालाही तिच्यावर लेखी हरकत घेता येते. वेदी, बाप्तिस्मा-कुंड, घंटा यांचे काय करायचे ते बिशप ठरवतात. आवारात किंवा फरशीखाली दफने असतील, तर त्यांना हात लावण्यापूर्वी वेगळी सूचना द्यावी लागते आणि मृतांच्या नातलगांचे म्हणणे ऐकावे लागते. शिवाय वास्तू संरक्षित यादीत असेल, तर स्थानिक नियोजन खात्याची परवानगी निराळी. एवढे सगळे पार पडल्यावरच किल्ली नव्या हाती जाते, म्हणून ‘चर्च सर्कशीला देऊन टाकले’ असे म्हणणे तेथील लोकांवर अन्याय करणारे होईल.

सर्कशीची शाळा ही मला तरी या वास्तूसाठी योग्य निवड वाटते, आणि त्याचे कारण बांधणीत आहे. चर्चचे वैभव त्याच्या अखंड, उंच मध्यदालनात असते. झुल्यावरच्या कसरतींना नेमकी हीच उंची हवी असते, म्हणून दालन तोडावे लागत नाही. (विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीचा वारसा सांगणाऱ्या आपल्या मराठी समाजाला तरी ही विद्या हलकी वाटू नये.) याउलट साध्या शाळेला आठ-दहा खोल्या हव्या असतात, आणि त्या काढण्यासाठी मध्ये मजले घातले की खिडक्यांच्या कमानी अर्ध्यावर कापल्या जातात, वरचा उजेड खाली पोहोचत नाही. आपल्याकडे वाड्याचा चौक पत्रे टाकून बुजवला की वाड्याची जी गत होते, तीच या दालनाची होते.

दुसरी अडचण आवाजाची. ज्या उंचीमुळे आणि दगडी भिंतींमुळे प्रार्थनागीताचा स्वर रेंगाळतो, त्यांच्यामुळेच शिक्षकाचे बोलणे मागच्या बाकापर्यंत पोहोचता पोहोचता विरघळते. इंग्लंडमधील नव्या माध्यमिक शाळांच्या साध्या वर्गखोलीत निनाद ०.८ सेकंदांपेक्षा अधिक टिकू नये असा दंडक आहे, तर मोठ्या दगडी चर्चमध्ये तो कित्येक सेकंद टिकतो. त्यामुळे अशा वास्तूत ग्रंथालय, संगीत, नाट्य, व्यायाम हे उपयोग अधिक शोभतात.

ऑक्सफर्डमध्ये याची उत्तम उदाहरणे आहेत. हाय स्ट्रीटवरील ऑल सेंट्स चर्चचा मनोरा १७०० मध्ये कोसळला आणि त्यानंतर आजची इमारत उभी राहिली. १९७१ मध्ये उपासना थांबल्यावर ती लिंकन कॉलेजकडे आली आणि १९७५ पासून तेथे कॉलेजचे ग्रंथालय आहे. जागा वाढवायची म्हणून तेथे वर मजला घातला नाही, तर मूळ फरशीची पातळी सुमारे चार फूट उचलून खाली वाचनकक्ष काढला, त्यामुळे छताखालचा सारा अवकाश मोकळा राहिला. सेंट एडमंड हॉल या कॉलेजचे ग्रंथालय असेच सेंट पीटर-इन-द-ईस्ट या चर्चमध्ये आहे, तळघर बाराव्या शतकातले आहे आणि भोवतीची थडगी जागच्या जागी आहेत. नवे सामान जुन्या भिंतीत न रोवता स्वतःच्या पायांवर उभे करावे आणि उद्या काढायचे ठरल्यास खूण न उरता निघावे, एवढी कसोटी लावली तर जुनेपण टिकते.

प्रश्न : भारतातील जुन्या अँग्लिकन चर्चलाही हेच नियम लागू होतात का?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : नाही. १९२७ च्या इंडियन चर्च अ‍ॅक्टनंतर १९३० मध्ये भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले, आणि उत्तर भारतातील अँग्लिकन चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात इतर पाच ख्रिस्ती पंथांसह विलीन झाले. त्यामुळे मालकी कोणत्या न्यासाच्या नावावर आहे हे आधी पाहावे. जुन्या छावणीतील जमीन बहुधा भाडेपट्ट्याची असते. पट्ट्यात केवळ उपासनेचा उद्देश लिहिला असेल, तर शाळेसाठी पट्टा देणाऱ्याची संमती लागते, आणि बांधकामात बदल करायचा असल्यास नगर निगमाची. वास्तू संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक खिळाही ठोकू नये. अर्ज करण्यापूर्वी इमारतीचे मोजमापासह नकाशे आणि प्रत्येक भिंतीची छायाचित्रे करून ठेवावीत, कारण दुरुस्ती करणाऱ्या गवंड्याला पुढे त्यांचाच आधार असतो.