अमेरिकन न्यायाधीश वसाहतीच्या न्यायालयात नेमले जात का? त्यांची कारकीर्द कशी असे?

हो, फिलिपिन्समध्ये. १९०१ साली मनिलात सर्वोच्च न्यायालय उभं राहिलं तेव्हा सातांपैकी चार न्यायाधीश अमेरिकन होते. पण मला पुढे त्याच न्यायालयात आलेले अमेरिकन न्यायाधीश जॉर्ज माल्कम यांच्याबद्दलच बोलायचंय.

लॉ कॉलेजात हेबियस कॉर्पसवरच्या (बेकायदा ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारा आदेश) मूटसाठी, म्हणजे सरावाच्या खटल्यासाठी, मी त्यांचा २५ मार्च १९१९ चा निकाल शोधून काढला होता. मनिलाचे महापौर हुस्तो लुकबान यांनी शहरातली वेश्यावस्ती उठवली आणि १७० बायकांना मध्यरात्री दोन बोटींत कोंबून दावाओला मजुरीला धाडलं. बायकांना वाटलं, चौकीत नेताहेत. महापौरांचा बचाव असा की, त्या आता माझ्या ताब्यात नाहीत. माल्कम यांनी तो फेटाळला. ज्याने पाठवलं, त्याने परत आणावं. महापौरांना १०० पेसो दंड झाला. तो निकाल वाचून मी वकिलीच करायची ठरवलं.

पुढे माझे सीनियर बार रूममध्ये हाच दाखला द्यायचे, 'गोऱ्या जज्जाचा न्याय तो न्याय!' ते ऐकून ऐकून मी माल्कम यांचे बाकीचे निकाल काढले. ७ मार्च १९१९, म्हणजे फक्त १८ दिवस आधीचा: मिंडोरो बेटावरच्या मांग्यान आदिवासींना तिगबाओच्या ८०० हेक्टरांत सक्तीने वसवायचं, नाही म्हणेल त्याला ६० दिवसांपर्यंत कैद. माल्कम यांनी हे कायदेशीर ठरवलं, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरच्या खटल्यांचे दाखले देऊन. कारण काय, तर मांग्यानांचंच भलं.

मी दोन्ही निकाल सीनियरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी पान उलटलं नाही. म्हणाले, 'अरे, काळच तसा होता.' काळ तसा होता, तर त्याच न्यायासनावरच्या मोअर यांनी, तेही अमेरिकनच, मांग्यानांच्या खटल्यात भिन्नमत कसं लिहिलं? याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

म्हणून सांगतो, न्यायाधीशाची कारकीर्द बघायची तर गाजलेल्या निकालाच्या शेजारचा निकाल आधी वाचा. गोऱ्यांचा असो वा आपल्यांचा.

तारखा राहिल्याच. माल्कम १९१७ ते १९३६ त्या न्यायालयात होते, त्याआधी फिलिपिन्स विद्यापीठाच्या लॉ कॉलेजचे पहिले कायम डीन. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लाउरेल आणि रोहास तिथलेच विद्यार्थी, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आणि दोन्ही निकाल बहुमताचे होते, एकट्या माल्कम यांचे नव्हेत. पण लिहिले त्यांनीच. मांग्यानांपैकी दाबालोस नावाचा एक जण तिगबाओतून पळाला म्हणून कालापानच्या तुरुंगात होता. त्याचा अर्ज फेटाळणारा हातही तोच.