बंदुका होत्या, तळं होतं, मग उपास का पडले?

प्रश्न : ताई, १८४६ साली कॅलिफोर्नियाला निघालेली डोनर मंडळी सिएरा नेवाडाच्या डोंगरात बर्फात अडकली आणि शेवटी त्यांनी माणसं खाल्ली, एवढंच जिथेतिथे वाचायला मिळतं. मला भलताच प्रश्न पडतो. त्यांच्याकडे बंदुका होत्या, दारात तळं होतं, भोवती जंगल होतं. शिकार करून, मासे धरून हिवाळा काढता आला नसता का? आणि त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त वाचल्या हे खरं आहे का?

उत्तर : शेवटी काय खाल्लं हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याआधी काय काय खाऊन झालं होतं हे सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही ते विचारलंत, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

ऑक्टोबर संपता संपता ही माणसं ट्रकी तळ्यापाशी पोचली. आज त्याला डोनर लेक म्हणतात. वरची खिंड सात हजार फुटांवर. त्या वर्षी बर्फ लवकर आला आणि खिंड चढायचे त्यांचे सगळे प्रयत्न फसले. साठेक माणसं तळ्याकाठी झोपड्यांत राहिली. जॉर्ज डोनरचं कुटुंब आणि त्याच्यासोबतचे लोक पाच-सहा मैल मागे, आल्डर क्रीकपाशी, कसेबसे उभारलेल्या तंबूंत.

आता शिकारीचं. बर्फ खोल पडला की हरणं वर थांबत नाहीत, खाली उतरतात. तिथे बर्फ माणूस बुडेल इतका खोल होता, त्यातून चालायलाच एवढी ताकद लागायची की मिळालेलं मांस चालण्यातच खर्ची पडावं. विल्यम एडीनं सुरुवातीला एक अस्वल मारलं, ते मोठंच घबाड. पुढे जंगलाने फारसं काही दिलं नाही. तळ्यातले मासेही त्यांच्या गळाला लागले नाहीत. उरलेले बैल मारून मांस बर्फात ठेवलं, पण काही जनावरं त्याआधीच वादळात गाडली गेली होती आणि काठ्यांनी बर्फ टोचटोचून शोधली तरी सापडली नाहीत.

मग कातडी. बैलाच्या कातड्याचे केस जाळायचे, ते तासन् तास उकळायचं, की सरसासारखा चिकट लगदा होतो. तो खायचा. हाडं पुन्हा पुन्हा उकळून ती बोटांनी चुरगळेपर्यंत खायची. उंदीर. घरचा कुत्रा. मार्गारेट रीडच्या झोपडीला छप्पर म्हणून कातडीच टाकली होती. ती खाऊन संपवल्यावर तिला मुलांना घेऊन ब्रीन कुटुंबाच्या झोपडीत आसरा घ्यावा लागला. याच बाईने थोडे घेवड्याचे दाणे, वाळवलेली सफरचंदं आणि मांसाचा एक तुकडा लपवून ठेवला होता, नाताळला मुलांपुढे काढायला. उपाशी पोरांसमोर आठवडेच्या आठवडे ते लपवून ठेवणं मला तरी जमलं नसतं.

त्याच जागी दोन वर्षं आधी मोझेस शालेनबर्गर नावाचा पोरसवदा मुलगा सबंध हिवाळा एकटा राहिला आणि वाचला. त्याच्याकडे लोखंडी सापळे होते आणि तो कोल्ह्यांवर जगला. पण ते एकच तोंड होतं. ब्रीन कुटुंब ज्या झोपडीत राहिलं ती त्याच्याच तांड्याने बांधलेली.

मुळात उशीर का झाला, हे थोडक्यात सांगते. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने पुस्तकात एक जवळची वाट सुचवली होती. त्या वाटेने त्याने स्वतः कधी बैलगाड्या नेलेल्या नव्हत्या. वासाच डोंगरात झाडं तोडून रस्ता करण्यात ऑगस्ट गेला. पुढचं मिठाचं वाळवंट चाळीस मैल असेल असं सांगितलं होतं, ते निघालं ऐंशी. बैल मेले, गाड्या सोडाव्या लागल्या. जवळची म्हणवणारी ही वाट नेहमीच्या रस्त्यापेक्षा लांबच पडली. त्यातून वाचलेल्या तेरा वर्षांच्या व्हर्जिनिया रीडने नंतर आपल्या मामेबहिणीला पत्र लिहिलं, त्यात आडवाटेने कधी जाऊ नका आणि होईल तितकं लवकर पुढे सरका, असं कळवलं.

बायकांचं म्हणाल तर होय, खरं आहे. डोनाल्ड ग्रेसन या मानववंशशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, तेव्हा पुरुषांच्या मृत्यूचं प्रमाण बायकांच्या जवळपास दुप्पट निघालं. कारणं शरीरातलीच. बाईचं शरीर आकाराने लहान, त्याला रोजचं इंधन कमी लागतं. त्वचेखालची चरबी जास्त, म्हणून ती थंडीत आणि उपासात टिकते. शिवाय वासाचमधली झाडं पुरुषांनी तोडली होती, ते आधीच झिजलेले होते. १६ डिसेंबरला बर्फावर चालायच्या जाळीच्या चपला बांधून जी पंधरा जणं खिंड ओलांडून गेली, त्यांच्याजवळ सहा दिवसांची शिदोरी होती आणि वाट तेहतीस दिवस चालली. दहा पुरुषांतले दोन पोचले. बायका पाच होत्या, पाचही पोचल्या.

ग्रेसनच्या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. एकट्याने आलेले धडधाकट तरुण मोठ्या संख्येने गेले. कुटुंबात असलेले तुलनेने तगले. ब्रीन कुटुंबातली नऊच्या नऊ वाचली. रीड कुटुंबातली सहाही. त्यात जेम्स रीडला तर वाटेतल्या भांडणात खून केला म्हणून तांड्यातून हाकलून दिलं होतं. तो पुढे जाऊन कॅलिफोर्नियात पोचला आणि मार्चमध्ये मदत घेऊन त्याच बर्फात परत आला. अर्थात कुटुंब म्हणजे कवच असंही नाही. पाच वर्षांखालची मुलं फार दगावली. टॅम्सन डोनर आजारी नवऱ्याला सोडून निघायला तयार झाली नाही. मुलींना पुढे पाठवलं आणि ती मागे राहिली, ती कायमचीच.

प्रश्न : माणसं खाल्ल्याबद्दल पुढे कुणाला शिक्षा झाली का? (हा प्रश्न एका शाळकरी वाचकाचा आहे.)

उत्तर : नाही. मेलेल्यांना खाल्लं त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण दोन माणसं मुद्दाम मारली गेली, तेवढं तू लक्षात ठेव.

चार्ल्स स्टँटन नावाचा एक एकटा माणूस धान्य आणायला पुढे कॅलिफोर्नियातल्या सटरच्या किल्ल्यावर गेला होता. तिथे तो सुखरूप होता, तांड्यात त्याचं रक्ताचं कुणी नव्हतं. तरी तो पीठ आणि मांस लादलेली सात खेचरं घेऊन परतला. सोबत मिवोक जमातीचे दोन तरुण आले, लुईस आणि साल्वादोर. बर्फ पडला आणि तिघेही इतरांबरोबर अडकले. डिसेंबरात खिंड ओलांडणाऱ्या त्या पंधरा जणांत हे तिघेही होते. वाटेत स्टँटनचे डोळे बर्फाच्या लखलखाटाने गेले. एका सकाळी पाइप ओढत बसला, येतोच म्हणाला, आणि आला नाही. पुढे उपासमार वाढली तेव्हा लुईस आणि साल्वादोरला मारून खायची भाषा सुरू झाली. एडीने त्यांना सावध केलं, ते पळाले. काही दिवसांनी वाटेत ते निपचित पडलेले सापडले, तेव्हा विल्यम फॉस्टरने दोघांना गोळ्या घातल्या.

फॉस्टरवर खटला चालला नाही. सगळा संशय लुईस केसेबर्ग या तांड्यातल्या दुसऱ्याच माणसावर गेला. एप्रिलमध्ये तळ्याकाठून सर्वांत शेवटी बाहेर आलेला तो. टॅम्सनला त्याने मारलं असं लोक म्हणू लागले. त्याने बदनामीचा दावा लावला, जिंकला, आणि त्याला एक डॉलर भरपाई मिळाली. लोक मरेपर्यंत त्याच्याकडे बोट दाखवत राहिले. अन्न घेऊन आलेल्या त्या दोघांसाठी मात्र कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही.